भागीच्या मानेवरची गाठ

झोया आणि अयान,

मागच्या महिन्यात झोयाची शाळा तिला संग्रहालय बघायला घेऊन गेली होती. तिथल्या एका काचेच्या पेटीचा फोटो तिने मला पाठवला. दूरच्या कुठल्यातरी पावसाळी अरण्यात राहणाऱ्या लोकांनी केलेल्या माळा होत्या त्या. बिया, पिसं, कसल्यातरी जनावराचे दात. "नानी, आपल्याकडे असं काही होतं का?" असं तिने विचारलं. मी "होतं की" म्हटलं, तेवढ्यात अयानला फोन हवा झाला, मग तुमची झोपायची वेळ झाली आणि उत्तर तिथेच राहिलं. प्रश्न विचारला गेला की उत्तर पूर्ण द्यायचं, ही माझी शाळेपासूनची सवय आहे, आणि फोनवर ते जमत नाही. तुमच्याकडे निजानीज होते तेव्हा माझ्याकडे चार-साडेचार वाजलेले असतात. इथे कासार आंबोलीत त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते. आजूबाजूच्या बंगल्यांत दिवे लागतात ते शनिवारीच. म्हणून लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. आयुष्यभर मी इंग्रजीच शिकवलं, तेव्हा लिहिता आलंही असतं. सुरुवात करून पाहिली. पण जिच्याबद्दल लिहायचं आहे ती बाई इंग्रजीत बोलायला तयारच होईना. तिचा "न्हाई" मी "नो" करून पाहिला आणि लगेच खोडला. तेव्हा हे तुमच्या आईकडून वाचून घ्या. अडेल तिथे तिला थांबवा. तिलाही सगळं ठाऊक नाही.

आमचं घर पौडच्या बाजारपेठेत होतं. माझे अब्बा मणेर. बांगड्या आणि मणी विकणारे जे मुसलमान, त्यांना आमच्याकडे मणेर म्हणतात. पुढच्या बाजूला दुकान, म्हणजे एक उंच कट्टा, त्यावर गादी आणि भिंतीला लाकडी फळ्या. मागे दोन खोल्या आणि त्यामागे परस. दुकानातून घरात यायला एकच दार होतं आणि त्या दाराच्या आत, पाटावर, माझी अम्मा बसायची. पुण्याहून आलेल्या बांगड्या मापाप्रमाणे वेगळ्या करून, दोऱ्याने बांधून त्यांचे जुडगे करायचं काम तिचं होतं. बांधण्याआधी ती त्यांच्यावरून तळहात फिरवायची, कुठे टवका उडालाय का ते बघायला. तो आवाज मला घराचा आवाज वाटायचा. माले, कासार आंबोलीकडच्या शेतकऱ्यांच्या बायका सणावाराला हात भरायला येत, अब्बा त्यांच्याशी दुनियाभरच्या गप्पा मारत, आणि दाराआडून अम्माच्या हाताखालची काच किणकिणत राही.

मला मात्र त्यांनी पुण्याला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि मी तिथल्या वसतिगृहात राहत होते. हे खूळ अम्माचं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. तिचं नाव लिहिलेला एक कागदसुद्धा आमच्या घरात नव्हता. ती गेली तेव्हा मी शाळेत होते. आजारी आहे एवढंच मला कळवलं होतं. मी मोटारीतून पौडला उतरले तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि मुली जात नाहीत म्हणून कबरीवरही कुणी मला नेलं नाही. शाळेचं ते वर्ष बुडालं तर बुडू दे, पोरीला घरी राहू दे, असं ठरलं. दसऱ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत मी पौडला होते. तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट एवढ्याच काळातली.

घर सांभाळायला सासवडहून फुफू, म्हणजे अब्बांची बहीण, आली होती. फुफू कामाला वाघ आणि मनाने सरळ. तिने पहिल्याच आठवड्यात भिंतींना चुना दिला. चाळिसाव्याला अम्माचे कपडे गोरगरिबांना वाटले, तशी रीतच आहे. गोधडी उसवून धुतली आणि नव्याने भरली. कानातलं आणि गळ्यातलं माझ्या लग्नासाठी पेटीत ठेवून किल्ली अब्बांना दिली. ती सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, दुपारी आंबेमोहोराचा भात आणि सुकटीचं कालवण, संध्याकाळी कुळथाचं पिठलं. तिच्या हाताला चव होती. त्या जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मला तर कुठेतरी नाव ठेवायचं होतं. अब्बा खाली मान घालून जेवत. फुफू अजून वाढू का विचारत असे. जेवण झालं की मी अम्माच्या पाटावर जाऊन बसायची. पाट तेवढा होता, पण पाट सुताराने केलेला. तिने स्वतःच्या हाताने केलेलं असं काही मी शोधत होते. तिने बांधलेले जुडगे एकेक करून विकले जात होते, आणि गिऱ्हाईक हात भरायला बसलं की दोरा सोडूनच बांगड्या काढाव्या लागत. दिवाळीपर्यंत फळीवर अम्माने बांधलेला एकही जुडगा राहिला नाही. नंतरचे जुडगे अब्बा बांधत, आणि त्यांची गाठ साधी, कुणीही मारावी तशी.

आता कातकरणींकडे येते. ताम्हिणीकडे जंगल दाट होत जातं. तिथली झाडं वर्षभर हिरवी असतात आणि पावसाळ्यात तर खाली उजेडही पोचत नाही. त्या जंगलाच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. त्यांच्या बायका बाजाराच्या दिवशी डोक्यावर मोळी किंवा पानांचे भारे घेऊन पौडला येत. आपसात बोलायची त्यांची बोली वेगळी, बाजारात मात्र त्या इतरांसारखंच मावळी बोलत. त्यांच्या गळ्यात माळाच माळा असायच्या, छातीवर उतरलेल्या. त्यात आमच्याकडचे बारीक काचेचे मणी असत, निळे, पांढरे, तांबडे, आणि मधेमधे रानातल्या बिया. लाल-काळी गुंज, आणि ओढ्याकाठी उगवणाऱ्या कसई नावाच्या गवताचे राखाडी, गुळगुळीत मणी. कसईच्या बीला आरपार वाट जन्मतःच असते, मधला देठ ओढून काढला की मणी तयार. दोरा मुरुडशेंगेच्या झुडपाच्या सालीचा, मांडीवर पिळलेला. झोया, तुझ्या त्या पेटीतल्या माळांपेक्षा या काही कमी नव्हत्या. आणि त्या काचेमागे नव्हत्या. घामेजलेल्या गळ्यांवर होत्या, चालताना वाजायच्या.

एकदा अब्बा माल आणायला पुण्याला गेले आणि मुक्कामी राहिले. घरात करण्यासारखं काही नव्हतं. दुकानात लाकडी खणांमध्ये सुटे मणी पडलेले असत आणि ते मापाने विकले जात. मला वाटलं, हे असं पसरलेलं कशाला, आपण छान माळा ओवून ठेवू. वसतिगृहात आम्हाला भरतकाम, विणकाम शिकवत, त्यामुळे माझा हात बरा होता. तीन निळे, एक पांढरा, तीन निळे, एक तांबडा, असा बेत आखून मी दोन दिवस बसून माळा ओवल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या. फुफूने कौतुक केलं, पोरगी आईवर गेली म्हणाली. खण रिकामे झाले आणि खिळ्यांवर माळांची रांग लागली. बाजाराच्या दिवशी अब्बा सकाळच्या गाडीने येऊन टेकतात न टेकतात तोच कातकरणी कट्ट्यापाशी आल्या.

त्यांच्यात पुढे असायची ती भागी. सगळा बाजार तिला भागीच म्हणायचा, मीही. काटक, काळीसावळी, दात मिश्रीने काळे, अम्माच्याच वयाची असावी. तिने अब्बांना विचारलं की मणी कुठे आहेत. अब्बा रांगेकडे बघतच राहिले. मी एक माळ काढून तिच्यापुढे धरली. भागीने ती बोटाच्या टोकावर घेतली, ओली असल्यासारखी.

"ही कुनाची?"

"कुणाचीही," मी म्हटलं. "आवडेल ती घ्या."

"कुनाचीबी म्हंजी कुनाचीच न्हाई, पोरी."

मागून एक तरणी बाई म्हणाली, "मडमिनीनं ववल्यात गं ह्या. घाल की गळ्यात, इंग्रजी येईल." सगळ्या हसल्या. आपलं कौतुकच चाललंय असं समजून मीही हसले. मग भागीने माळ गादीवर ठेवली, तिच्यापासून हात जरा लांब केला, आणि त्या सगळ्या कुणी सुया, कुणी फणी घेऊन निघून गेल्या. दिवसभर वेगवेगळ्या वाड्यांच्या बायका आल्या. एकीनेही माळ घेतली नाही. एका म्हातारीने तर अब्बांना हळूच विचारलं की कुणाच्या अंगावरच्या उतरवून आणल्यात.

अब्बा रागावले नाहीत. संध्याकाळी फळ्या लावताना त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या वाड्यांवर कुणी आपली माळ आपण ओवत नाही. आई लेकीची ओवते, बहीण बहिणीची, लग्नानंतर सासू सुनेची, पुढे लेक आईची. बाजारातून घ्यायचे ते सुटे मणी. ओवलेली माळ बाजारात आली म्हणजे ती कुणाच्यातरी गळ्यातून निघालेली, आणि गळ्यातून ती बाई मेल्याशिवाय निघत नाही. तू सबंध दुकानभर मेलेल्या बायकांच्या माळा टांगल्यास, असं म्हणून ते हसले. अम्मा गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मी विचारलं, ज्याचं कुणीच नसेल त्याची माळ कोण ओवतं? ते म्हणाले, असतं कुणी ना कुणी, आणि नमाजाला गेले.

पुढच्या बाजाराच्या आत माळा मोडायच्या होत्या. मी कात्री घेऊन बसले. दोरा कापायचा, मणी खणात सोडायचे. काम संपलं नव्हतं तोच भागी आली, या वेळी एकटी. कट्ट्याखाली पाय सोडून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. दोरा वाया घालवतेस, म्हणाली. मग मी अब्बांना विचारलेला प्रश्न तिला विचारला, काहीतरी बोलायचं म्हणून विचारावं तसा. तिने तो तसा घेतला नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, गळ्यातल्या माळांच्या ढिगात हात घातला आणि सगळ्यांत खालची, अंगाला चिकटलेली एक माळ बोटाने वर ओढली. निळे मणी, मधे कसईच्या बिया, दोरा तेलाने आणि घामाने काळा पडलेला.

"ही तुज्या आयनं ववली."

भागी लग्न होऊन त्या वाडीवर आली तेव्हा तिची आई वारलेली होती, बहिणी नव्हत्या. सासूच्या मनात दुसरी मुलगी होती. तिने सुनेची माळ ओवलीच नाही. भागी सबंध पावसाळा उघड्या गळ्याने फिरली. वाडीवर लग्नकार्यात तिला कुणी पुढे येऊ देईना. बाजारात बायका तिच्या गळ्याकडे बघत आणि आपसात बोलत. एक दिवस अम्माने तिला परसदाराने आत बोलावलं, काय झालं विचारलं, आणि आतल्या पाटावर बसवून माळ ओवून दिली. हे सांगताना भागी मधेच हसली. "मला इचारती, मी तुमच्यातली न्हाई, चालंल का? म्या म्हनलं, हात हायेत न्हवं तुला?" सासूने माळ पाहिली, कुणी ओवली विचारलं, भागीने सांगितलं. सासू चुलीकडे वळली. ओवलेली माळ तोडता येत नसते.

मी तिच्या मागे गेले. मानेवर, केसांच्या खाली, माळेची गाठ होती. ती मी ओळखली. अम्मा बांगड्यांचे जुडगे ज्या गाठीने बांधायची ती. तिच्या माहेरची गाठ होती ती. दोरा स्वतःभोवती फिरून परत आपल्याच पोटात शिरायचा. ओढली की घट्ट व्हायची पण काचेला दाब द्यायची नाही. अब्बांना ती कधी आली नाही, फुफूने तर पाहिलीच नव्हती. मला अम्माने शिकवली नव्हती, कारण मी शिकायला दूर होते. मी त्या गाठीवर बोट ठेवलं. भागीची मान गरम होती.

"मला दे," मी म्हटलं.

"न्हाई."

दुकानातले हवे तेवढे मणी घे, मी म्हटलं, सगळे घे, अब्बा काही बोलणार नाहीत. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला तो असता तर बरं वाटलं असतं. "मनी काय करू? बाकीच्या माळा मागनच्या, लगनाची ही येकच. तिच्याबिगर उगड्या गळ्यानं कोळसा पाडाया जाऊ व्हय?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिने पदर खांद्यावरून बाजूला केला आणि मान वाकवली. "बगायचं तर बग. द्यायची न्हाई."

त्यानंतर दर बाजाराला मी ती गाठ बघायची. भागी कट्ट्यावर पाठ करून बसायची, मी मागे उभी. अब्बांना ते दिसत होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. शेजारच्या किराणावाल्याने मात्र एकदा हाक मारून विचारलं, "मेहरू, उवा काढतीस का काय तिच्या?" भागी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या काडायच्यात का? रांगंत बस." मी गाठ डोळ्यांत भरून घ्यायची आणि घरात येऊन सुतळीवर मारून बघायची. सुटायची. गाठ इतकी जुनी आणि आवळलेली होती की दोरा कुठून आत गेलाय आणि कुठून बाहेर आलाय ते दिसतच नव्हतं. दिवाळीनंतर कातकरी घाटाखाली कोळसा पाडायला जात, सगळं बिऱ्हाड घेऊन. भागी निघायच्या आधी आली. मिरगाच्या आधी येऊ म्हणाली. मी तिला म्हटलं, सांभाळ गं. तिला वाटलं मी तिच्या जिवाबद्दल बोलते आहे. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मी काही दुरुस्त केलं नाही.

तो हिवाळा कसा गेला हे मला सांगता येणार नाही, कारण त्यात काही घडलं नाही. तुम्हा मुलांना कंटाळा येतो तेव्हा तुमच्यासमोर स्क्रीन असतात, आणि त्यात वाईट काही नाही, मीही संध्याकाळी मालिका बघते. माझ्यासमोर परसातली भिंत होती. फुफू धान्य निवडायची, मी शेजारी बसून सुतळीच्या गाठी मारायची आणि सोडायची. फुफू अब्बांना सांगायची की पोरीचं शिक्षण पुष्कळ झालं, आता तिला घरकामात घाला, नाहीतर दोऱ्याशी खेळत बसते. अब्बा म्हणायचे, बघू. पहाटे फुफू चूल पेटवायची, फुंकणीचा आवाज यायचा, तांदूळ निवडताना सुपाचा आवाज यायचा. तो एक आवाज मात्र यायचा नाही. अब्बा जुडगे बांधत, पण आधी तळहात फिरवत नसत. मी रात्री डोळे मिटून भागीची मान आठवायची. अम्माचा चेहरा आठवायला बसले की तो येता येता थांबायचा, मान मात्र नीट यायची, तिच्यावरच्या तिळासकट. अम्माचं या जगात एवढंच उरलं आहे आणि ते घाटाखाली कुठेतरी धुरात, कोळशाच्या भट्टीपाशी फिरतं आहे, असं मला वाटायचं. भागी आजारी पडली तर, वाटेत मेली तर, असे विचार यायचे. भागी माझी कुणीच नव्हती. पण त्या हिवाळ्यात मी सगळ्यांत जास्त वाट तिची पाहिली.

ती आली. उन्हाळ्याच्या शेवटी, फुफू कैऱ्या चिरत असताना बाजारातून तिचा आवाज ऐकू आला आणि मी दुकानात धावले. भागी आणखी वाळली होती. तिच्याबरोबर एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी, हळदीचे हात अजून पिवळे. भागीची लेक, ठकी. भट्टीवरच्याच एका मुलाशी तिचं लग्न लावून दिलं होतं. भागीच्या गळ्यात चकचकीत नव्या माळा होत्या, ठकीने ओवलेल्या. आणि ठकीच्या गळ्यात, सगळ्यांच्या वर, ते निळे मणी आणि कसईच्या बिया होत्या. मी सरळ ठकीच्या मागे गेले. ती दचकली. मानेवर पांढरा, नवा दोरा होता आणि त्याला साधी गाठ.

लेकीचं लग्न असलं की आई आपल्या गळ्यातली एक माळ सोडून, त्याच मण्यांची माळ लेकीसाठी पुन्हा ओवते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अब्बांनीही नाही. भागी आनंदात होती, लेकीला पुढे करून अब्बांना दाखवत होती, तुमच्या मणेरनीच्या हाताचे मणी आहेत म्हणून सांगत होती. मी आत गेले. पाण्याच्या हंड्यांमागे थोडी जागा होती, तिथे भिंतीला तोंड करून बसले. रडले नाही. फुफू काय झालं विचारत राहिली आणि मी काही नाही म्हणत राहिले.

थोड्या वेळाने परसदार वाजलं. भागी आत आली होती. फुफूचा हात विळीवर तसाच राहिला, कारण कुणी कातकरीण अशी आपणहून घरात येत नसे. भागी माझ्याजवळ जमिनीवर बसली. मनी हायेत की सगळे, म्हणाली, एकबी हरवला न्हाई. मी म्हटलं, मणी नको होते मला. दुकानात अब्बा कुणाला तरी बांगड्या भरत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मग तिला समजलं.

"गाठ व्हय?"

मी मान हलवली.

"तोडली न्हाई गं म्या ती," भागी म्हणाली. "सोडली. माळंला कातर लावत न्हाईत आमच्यात. लई चिवट. समदी बाया-मानसं हळदीला गेली, आन मी एकलीच गाठ घिऊन बसली. नखं मोडली माजी." तिने बोटं पुढे केली, जणू मी नखं तपासणार होते. मग तीच काहीतरी विचार करत राहिली. फुफूला म्हणाली, सुतळी हाय का जरा?

फुफूने सुतळी दिली. भागीने ती दोन्ही हातांत धरली आणि पुटपुटायला लागली. सोडताना आधी हे टोक इथून निघालं, मग असं मागे आलं, मग तो फेरा ढिला झाला. म्हणजे बांधताना हा फेरा पहिला. दोनदा चुकली. चुकली की माझ्याकडे बघून आपल्या बोलीत शिवी द्यायची, गाठीला. तिसऱ्यांदा तिने टोक फेऱ्याच्या पोटात घातलं, दोन्ही बाजूंनी ओढलं, आणि ती गाठ तिच्या हातात होती. मी हात लावायच्या आधी वर पाहिलं तर दारात अब्बा उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी सुतळी तिच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली. "हां," म्हणाले. "हीच." आणि परत दुकानात गेले.

भागीने कंबरेची पिशवी सोडली. तिच्यात भट्टीजवळच्या ओढ्यावर वेचलेली कसई होती, ठकीसाठी आणलेली. तिने मला समोर बसवलं आणि माझी माळ ओवली. निळे मणी घे म्हटलं तर नको म्हणाली, ही नुसती रानातलीच राहू दे. शेवटची गाठ मात्र तिने मारली नाही. माळ माझ्या गळ्यात घातली, मागे बसली, माझे हात धरून मानेमागे नेले आणि माझ्या बोटांकडून ती गाठ मारून घेतली. स्वतःची माळ स्वतः बांधत नाहीत ना, मी विचारलं. "ववली म्या," भागी म्हणाली, "गाठ तुज्या आयची. तू निस्ता हात लावलास." फुफूने तिला घरातल्या कपात चहा दिला. जाताना भागी ठकीवर ओरडली, चल, सासू वाट बगती असंल, आणि त्या गेल्या.

त्याच जूनमध्ये अब्बांनी मला पुण्याला शाळेत नेऊन सोडलं. फुफू नको म्हणत होती. या वेळी अब्बा बघू म्हणाले नाहीत. माळ मी झग्याच्या आत घालायची. पुढे मी शिकले, शिकवलं, लग्न केलं. भागी कधीतरी वारली, हे मला फार उशिरा, ठकीकडूनच कळलं. पौडच्या रस्त्यावर ती पानं विकायला बसली होती आणि तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही. तिची वाडी होती तिथे आता कुंपण आहे, आत पोहायचा तलाव असलेली घरं आहेत. वाडीची माणसं मालेच्याही पलीकडे गेली. ठकीच्या सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, दुसरं काही नव्हतं.

माझ्या माळेचा दोरा तुमच्या आईच्या जन्माच्या सुमारास विरला. मी ती पुन्हा ओवली नाही. ओवून देणारं कुणी नव्हतं, आणि आपली आपण ओवत नाहीत. बिया काही दिवस वाटीत होत्या, नंतर घर बदलताना गेल्या. पौडचं दुकान गेलं, पाट गेला. तुमची आई लहान असताना मी तिला गाठ शिकवायला घेतली होती, तिला अर्धी येते.

मी तुम्हाला लाडू आणि मेतकूट पाठवते, त्या कापडी पिशवीचं तोंड मी कुरिअरवाल्याला बांधू देत नाही. तो वरून टेप लावतो ते निराळं. आतली गाठ माझी असते. अयान ती कात्रीने कापतो असं तुमच्या आईकडून कळलं. पुढची पिशवी आली की कात्री लावू नका. वेळ लागेल, नखं दुखतील, पण ती सुटते. सोडताना कोणतं टोक आधी निघालं ते बघून ठेवा.

अम्माच्या हातचं बाकी काही राहिलेलं नाही. गाठ आहे, आणि सध्या ती फक्त मला येते.

तुमची,
नानी